मोबाईलची बॅटरी लवकर कां उतरते व तिचा खर्च कसा शोधावा

शेतकऱ्याच्या घरीं पूर्वी सातबाऱ्याचे उतारे, शेतसाऱ्याच्या पावत्या आणि सोसायटीचें पासबुक हीं एका फडक्यांत बांधून पेटींत ठेविलेलीं असत. आज तें दप्तर बव्हंशीं मोबाईलमध्यें गेलें आहे. पूर्वीचें दप्तर रात्रीं चिमणी लावूनहि उघडतां येई. मोबाईलमधील दप्तराची किल्ली मात्र त्याच्या बॅटरींत आहे, व ती उतरली कीं उतारा, पावती, बँकेची शिल्लक आणि आप्तांचे क्रमांक हीं सर्व एका क्षणांत कुलुपांत पडतात. सबब बॅटरी टिकविणें ही केवळ तरुण मुलांच्या हौसेची गोष्ट राहिली नसून शेतीच्या व्यवहारांतील एक बाब झाली आहे, आणि म्हणूनच या मासिकांत तिचा विचार करणें आम्हांस योग्य वाटतें.

ई-पीक पाहणीचेंच उदाहरण घेऊं. पूर्वी पिकांची पाहणी तलाठी करीत व गांव नमुना बारामध्यें नोंद घेत. १५ ऑगस्ट २०२१ पासून ही नोंद शेतकऱ्यानें स्वतः मोबाईलवरून करण्याची पद्धत राज्यभर सुरू झाली. त्यासाठीं शेतांत उभें राहून लोकेशन चालू ठेवावें लागतें, पिकाचें छायाचित्र काढावें लागतें व माहिती इंटरनेटवरून पाठवावी लागते. म्हणजे मोबाईलचीं अधिक वीज खाणारीं अंगें, पडदा, कॅमेरा, लोकेशन व रेडिओ, एकाच वेळीं कामास लागतात. त्यांतहि मुदतीच्या शेवटच्या दिवसांत सर्व्हरवर गर्दी झाली तर पांच मिनिटांचें काम तासभर चालतें. ज्याचे तीन गट तीन शिवारांत आहेत तो घरून चाळीस टक्के घेऊन निघाला तर तिसऱ्या गटावर फोन बंद पडण्यास वेळ लागत नाहीं. नोंद राहिली तर सातबाऱ्यावर पीक दिसत नाहीं. आणि हमीभावाच्या केंद्रावर सोयाबीन किंवा तूर घालतांना अथवा अतिवृष्टीच्या मदतीच्या वेळीं प्रथम विचारणा होते ती त्याच नोंदीची.

याखेरीज बँकेचा ओटीपी फोनवर येतो. विहिरीवरील मोटार कित्येक जण फोनवरूनच चालू-बंद करितात. वीज पडण्याचा संभव सांगणारें 'दामिनी' हें पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचें ॲप फोनवर चालतें. रात्रपाळीच्या पाण्यास गेलेल्या माणसास सापानें दंश केला तर १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलाविण्याचें साधनहि तेंच. अशा वेळीं हातांतील फोन काळा पडलेला असणें म्हणजे काय, हें निराळें सांगावयास नको.

बॅटरींत असतें तरी काय

आजच्या मोबाईलमध्यें लिथियम-आयन जातीची बॅटरी असते. ही जात १९९१ सालीं जपानांतील सोनी कंपनीनें प्रथम बाजारांत आणिली. आणि तिच्या संशोधनाबद्दल जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम व अकिरा योशिनो या तिघांस २०१९ सालचें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. फोन भरतांना लिथियमचे विद्युत्भारित कण बॅटरीच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूस जाऊन बसतात, व फोन वापरतांना ते परत येतात. या येण्याजाण्यांत दर वेळीं थोडी झीज होते. म्हणून बॅटरीस दोन प्रकारचें आयुष्य आहे असें समजावें : एक दिवसाचें, म्हणजे एका भरणीवर ती किती तास चालते, व दुसरें वर्षांचें, म्हणजे किती भरण्यांनंतर तिची धारणशक्ति कमी होते. युरोपीय संघानें २० जून २०२५ पासून विकल्या जाणाऱ्या नव्या फोनांस असा नियम घातला आहे कीं, ८०० पूर्ण भरण्यांनंतरहि बॅटरीनें मूळच्या निदान ८० टक्के धारण केलें पाहिजे. शंभर टक्के रिकामी होऊन भरली म्हणजे एक भरणी. अर्धी रिकामी करून दोनदां भरली तरी ती एकच भरणी धरितात.

बॅटरीवर जो ५००० हा आंकडा असतो तो मिलिअँपिअर-तासांचा होय. सुमारें ३.८५ व्होल्ट दाबानें हिशेब केला तर तींत १९ वॅट-तास वीज मावते. भरतांना होणारी गळती धरून एका भरणीस २५ वॅट-तास लागले असें मानिलें, तरी एका युनिटांत चाळीस वेळां फोन भरतो. म्हणजे रोज भरून महिन्याकांठीं पुरतें एक युनिटहि जळत नाहीं. सारांश, बॅटरी लवकर उतरते याचें खरें नुकसान वीजबिलांत नाहीं. तें ऐन वेळीं अडण्यांत व बॅटरी लवकर म्हातारी होण्यांत आहे.

पुष्कळ वाचक विचारतात कीं, जुना बटणांचा फोन आठवडाभर चाले, त्याची बॅटरी तर १००० मिलिअँपिअर-तासांच्या आसपास असे. मग आज पांचपट बॅटरी असून संध्याकाळ कां गांठत नाहीं? उत्तर सोपें आहे. जुन्या फोनला लहानसा पडदा होता व तो बहुतेक वेळ विझलेला असे. बोलणें झालें कीं तो निजे. नवा फोन हा बोलण्याचें यंत्र कमी व लहानसा संगणक अधिक आहे. खिशांत असतांहि तो संदेश आणतो, हवामान विचारतो, छायाचित्रें साठवितो व अनेक ॲपांचीं कामें करितो. विहीर पांचपट मोठी झाली, परंतु तिजवर मोटारीहि दहा बसल्या, असा हा प्रकार आहे.

खर्चाचीं मुख्य खातीं

पहिलें खातें पडद्याचें. फोन हातांत असतां बहुधा सर्वांत मोठा खर्च हाच. शेतांत भर उन्हांत पडदा दिसावा म्हणून उजेड पूर्ण चढवावा लागतो, आणि घरीं आल्यावर तो उतरविण्याचें राहून जातें. उजेड आपोआप कमीजास्त होण्याची सोय चालू ठेवावी, व पडदा अर्ध्या मिनिटांत आपोआप विझेल असें करावें. काळ्या पार्श्वभूमीचा, म्हणजे डार्क मोडचा, फायदा ओलेड जातीच्या पडद्यावरच होतो. साध्या एलसीडी पडद्यावर तो होत नाहीं, कारण त्याचा मागील दिवा जळतच राहतो. अमेरिकेंतील पर्ड्यू विद्यापीठाच्या २०२१ सालच्या अभ्यासांत ओलेड पडद्याचा उजेड ३० ते ५० टक्के असतां हा फायदा सरासरीनें ३ ते ९ टक्के, व उजेड पूर्ण असतां ३९ ते ४७ टक्के आढळला.

दुसरें खातें रेंजचें, आणि खेड्यांतील शेतकऱ्यास तें फार महत्त्वाचें आहे. टॉवर जवळ असेल तर फोन हलक्या आवाजांत बोलतो. टॉवर दूर असेल तर त्यास ओरडून बोलावें लागतें. चार-जी फोनची प्रक्षेपणशक्ति कमाल सुमारें २०० मिलिवॅटपर्यंत चढते, जवळच्या टॉवरशीं बोलतांना तिचा अल्पांशहि लागत नाहीं. रेंज मुळींच नसेल तर फोन पुनःपुन्हां टॉवर शोधीत राहतो. दोन सिमकार्डें असलीं व त्यांतील एकाची रेंज शिवारांत येत नसली, तर तें एक कार्डच दिवसभर बॅटरी खातें. पांच-जी येतें-जातें अशा जागीं फोन या जाळ्यांतून त्या जाळ्यांत उड्या मारीत राहतो. तेथें सेटिंग्जमध्यें चार-जी ठरवून देणें बरें.

तिसरें खातें लोकेशनचें. नकाशा थोडा वेळ उघडण्यानें फारसें बिघडत नाहीं. पण एखादें ॲप पडद्याआड सतत ठिकाण विचारीत राहिलें तर खर्च वाढतो. चौथें खातें पडद्याआडच्या कामांचें : व्हॉट्सॲपच्या दहा गटांत रोज येणारे व्हिडिओ आपोआप उतरणें, छायाचित्रें दूरच्या साठ्यावर चढणें, खेळ व खरेदीच्या ॲपांच्या सूचना. पांचवें खातें आपणच समजून-उमजून करीत असलेल्या खर्चाचें : व्हिडिओ पाहणें, मुलांच्या अभ्यासासाठीं हॉटस्पॉट देणें, रात्रीं विहिरीवर टॉर्च म्हणून फोन वापरणें. टॉर्चसाठीं एक निराळी विजेरी खिशांत ठेविली तर फोनवरील तो भार सहज उतरतो.

तीन रात्रींची परीक्षा

पाटाचें पाणी शेवटच्या वाफ्यास पोंचत नाहीं तेव्हां शहाणा शेतकरी प्रथम विहिरीस दोष देत नाहीं. तो पाट धरून चालत जातो व गळती कोठें आहे तें पाहतो. बॅटरीचेंहि तसेंच आहे. त्यासाठीं पुढील परीक्षा आम्ही सुचवितों. तीस पैसा लागत नाहीं. वही, पेन्सिल व तीन रात्री पुरतात. वळवाचे वा परतीचे पाऊस व घरांतील आजारपण टाळून ती करावी, म्हणजे फोन बंद राहिल्यानें अडचण होणार नाहीं.

पहिल्या रात्रीं निजतेवेळीं, समजा दहा वाजतां, फोन चार्जरवरून काढून किती टक्के आहे तें लिहावें. फोन नेहमीच्याच स्थितींत ठेवावा. सकाळीं सहा वाजतां पुन्हां आंकडा लिहावा. कोणी फोनला हात लावलेला नसतां चांगल्या फोनचे आठ तासांत तीन-चार टक्के जातात. दहा-पंधरा गेले तर गळती आहे असें निश्चित समजावें.

दुसऱ्या रात्रीं सर्व तसेंच ठेवून फक्त मोबाईल डेटा व वाय-फाय बंद करावें. सिमकार्ड चालूच ठेवावें. सकाळचा आंकडा पहिल्या रात्रीपेक्षां बराच चांगला आला तर इंटरनेटवर चालणारें कोणतें तरी ॲप चोर आहे.

तिसऱ्या रात्रीं विमान-मोड लावावा, म्हणजे फोनचा रेडिओ पुरता बंद होतो. दुसऱ्या रात्रीं खर्च कमी झाला नाहीं, परंतु तिसऱ्या रात्रीं एकदम झाला, तर दोष बहुतकरून रेंजचा आहे. आणि तिन्ही रात्रीं खर्च सारखाच मोठा आला तर बॅटरी थकली आहे, अथवा इंटरनेटशिवायहि फोनला जागें ठेवणारें कांहींतरी आंत आहे असें मानावें. अशा वेळीं चौथी एक रात्र 'सेफ मोड'मध्यें काढावी. या स्थितींत फोनबरोबर आलेलीं ॲपेंच तेवढीं चालतात. आपण मागाहून घातलेलीं सर्व निजतात. या रात्रीं खर्च कमी झाला तर मागाहून घातलेलें एखादें ॲप दोषी ठरतें. मग नव्यांत नवें ॲप प्रथम काढून पाहावें व असेंच एकेक मागें जावें. सेफ मोडमध्यें जाण्याची रीत प्रत्येक कंपनीची थोडी निराळी असते. ती फोनच्या माहितीपुस्तकांत दिलेली असते.

एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, हें येथील मुख्य सूत्र होय. खताचा प्रयोग करतांना आपण एका वाफ्यांत खत बदलतों, बियाणें व पाणी तेंच ठेवितों. दोन्ही एकदम बदललीं तर गुण कोणाचा तें कळत नाहीं. फोनमध्यें मात्र लोक एकाच दिवशीं पांच ॲपें काढतात, चार बटणें बंद करितात, आणि बॅटरी सुधारली तर कशानें सुधारली हें त्यांस सांगतां येत नाहीं. महिन्यानें तीं सर्व ॲपें परत येतात व त्याबरोबर गळतीहि येते.

या परीक्षेचा उपयोग कसा होतो त्याचें एक उदाहरण देतों. आमचें वाटूर हें परतूर तालुक्यांत जालना-मंठा रस्त्यावर आहे, व फाट्यावर मोबाईलला रेंज चांगली असते. परंतु गांवच्या शिवारांत खोलगट भागांतील आखाड्यांवर ती एकेरी रेघेवर येते. अशाच एका आखाड्यावर हरभऱ्याच्या राखणीस निजणारा एक शेतकरी फोन बिघडला म्हणून नवी बॅटरी घालण्याच्या विचारांत होता. दुकानदारानें हजारावर रुपये सांगितले होते. आमच्या सांगण्यावरून त्यानें एक रात्र फोन घरीं ठेविला. तीन टक्के गेले. दुसऱ्या रात्रीं आखाड्यावर ठेविला. सकाळीं सोळा टक्के गेलेले होते. तिसऱ्या रात्रीं आखाड्यावरच ज्या सिमची रेंज तेथें येत नाहीं तेवढें एक सिम बंद केलें व डेटा बंद ठेविला. पांच टक्के गेले. बॅटरी निर्दोष होती; दोष त्या मुक्या सिमचा होता. पैसे वांचले, आणि तो आखाड्यावर जातांना तें सिम आतां बंद करून जातो.

ॲपांचा जमाखर्च कोठें पाहावा

दिवसाच्या वापरांतील खर्च शोधण्यासाठीं फोनमध्येंच एक पत्रक असतें. सेटिंग्ज उघडून बॅटरी व त्यांत बॅटरी वापर येथें गेलें कीं कोणत्या ॲपनें किती खाल्लें त्याची यादी दिसते. परंतु हें पत्रक वाचतांना दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. पहिली ही कीं, पुष्कळ फोनांवर येथील टक्के बॅटरीचे नसून झालेल्या खर्चाचे असतात. समजा सकाळपासून बॅटरी वीस टक्केच उतरली आहे व एका ॲपच्या नांवासमोर चाळीस टक्के दिसतात. तर त्या ॲपनें वीसांतील चाळीस टक्के, म्हणजे बॅटरीच्या आठच टक्के खाल्ल्या. हा फरक न कळल्यामुळें कित्येक लोक घाबरून उपयोगाचें ॲप काढून टाकतात. दुसरी गोष्ट अशी कीं, पडद्यावर किती वेळ व पडद्याआड किती वेळ हें निरनिराळें पाहावें. तासभर व्हिडिओ पाहिला व तो ॲप वर आला तर त्यांत नवल नाहीं. तो खर्च आपणच केला. पण जें ॲप आपण दिवसभरांत उघडलेंहि नाहीं त्याच्यासमोर पडद्याआड तीन-चार तास दिसले, तर तोच आपला चोर.

असा चोर सांपडला कीं त्याच्या नांवावर बोट ठेवून बॅटरीच्या सदरांत 'मर्यादित' ही निवड करावी. म्हणजे तें ॲप आपण उघडूं तेव्हांच काम करील. उपयोगाचें नसेल तर काढूनच टाकावें. व्हॉट्सॲपमध्यें छायाचित्रें व व्हिडिओ आपोआप उतरविणें बंद करावें. अँड्रॉइडच्या फोनांत पडद्याआडच्या कामांना आळा घालणारी व्यवस्था २०१५ पासून व आपल्या संवयी ओळखून वीज वांचविणारी 'ॲडॅप्टिव्ह बॅटरी' २०१८ पासून आहे. ती चालू आहे ना, तें एकदां पाहून घ्यावें.

येथें एक इशारा देणें अवश्य आहे. सर्वांनाच एका दावणीला बांधूं नये. दामिनीसारख्या ॲपास पडद्याआड ठिकाण कळलें नाहीं तर विजेची सूचना कशी येणार ? पावसाळ्याच्या तोंडीं व परतीच्या पावसांत मराठवाड्यांत विजा पडून माणसें व गुरें दगावतात. त्या दिवसांत बॅटरीचे दोन टक्के वांचविण्यासाठीं तें ॲप मर्यादित करणें म्हणजे राखणदारास झोपवून धान्य वांचविण्यासारखें आहे. बँकेचें व मोटार-स्टार्टरचें ॲप यांचाहि असाच विचार करून निर्णय घ्यावा. बॅटरी सेव्हर चालू केल्यावर कांहीं सूचना उशिरां येतात, हेंहि जाणून असावें.

उष्णता आणि भरणी

लिथियम बॅटरीचा मोठा वैरी उष्णता. फोन भोंवतालच्या हवेचें मान ३५ अंशांपर्यंत असेतों वापरावा असें कांहीं उत्पादक सांगतात. आणि आपल्याकडे वैशाखांत सावलींतहि पारा चाळिशीपार जातो. अशा दिवसांत मोटारसायकलच्या हँडलवर, ट्रॅक्टरच्या काचेमागें किंवा पत्र्याच्या शेडच्या वळचणीस ठेविलेला फोन भाजून निघतो व बॅटरीचें वर्षांचें आयुष्य घटतें. फोन सावलींत, हवेशीर जागीं ठेवावा. तापलेला फोन एकदम शीतकपाटांत ठेवूं नये. आंत दंव धरतें. त्याचें जाड आवरण काढून सावलींत ठेविलें कीं तो हळूहळू निवतो. तापलेला असतां चार्जरला लावूं नये, व भरत असतां त्यावर व्हिडिओ पाहूं नये; दोन्ही उष्णता मिळून दुप्पट त्रास होतो. उशीखालीं वा गोधडींत फोन भरणें तर धोक्याचेंच आहे.

भरणीचा नियम असा कीं, बॅटरी अगदीं रिकामी होऊं देऊं नये व नेहमीं काठोकांठ भरलेलीहि ठेवूं नये. वीस ते ऐंशी टक्क्यांच्या दरम्यान ती सुखी असते. कांहीं फोनांत ऐंशी टक्क्यांवर भरणें थांबविण्याची सोय आहे, ती रोजच्या वापरांत चालू ठेवावी. मात्र ई-पीक पाहणीस, बाजारास किंवा परगांवीं निघावयाचें असेल त्या दिवशीं शंभर टक्के भरावी. बॅटरी माणसासाठीं आहे, माणूस बॅटरीसाठीं नाहीं.

आमच्याकडील एक वाईट संवय येथें स्पष्ट सांगतों. रात्रपाळींत कित्येक जण मोटारीच्या स्टार्टरमधून तारा काढून त्यांवर चार्जर लावितात. चार्जर हा १०० ते २४० व्होल्टांसाठीं बनविलेला असतो, आणि दोन फेजांमधील दाब ४०० व्होल्टांच्या वर असतो. चार्जर फुटतो, फोन जातो, आणि ओल्या जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाचे प्राणहि जाऊं शकतात. तसेंच आकाशांत गडगडाट चालू असतां चार्जर भिंतीपासून काढून ठेवावा, व तारेला जोडलेल्या फोनवर बोलूं नये. ट्रॅक्टरवर फोन भरावयाचा असेल तर त्यासाठीं मिळणारा बारा व्होल्टांचा योग्य चार्जरच वापरावा; ट्रॅक्टरच्या बॅटरीस उघड्या तारा जोडूं नयेत.

कांहीं गैरसमज

पहिला गैरसमज असा कीं, बॅटरी पुरती उतरवून मगच भरावी. हा नियम जुन्या निकेल-कॅडमियम जातीचा. लिथियमला तो अपायकारक आहे. दुसरा असा कीं, ट्रॅक्टरच्या बॅटरीप्रमाणें ही सदैव भरलेली ठेवावी. ट्रॅक्टरची बॅटरी शिशाच्या पत्र्यांची असते व ती रिकामी राहिली तर खराब होते, हें खरें. पण लिथियमचा फोन महिना-दोन महिने पेटींत ठेवावयाचा असेल तर सुमारें अर्धा भरून बंद करून ठेवावा. तिसरा, उघडलेलीं सर्व ॲपें दर थोड्या वेळानें बोटानें सरकवून काढणें. त्यानें वीज वांचत नाहीं. तेंच ॲप पुन्हां उघडतांना प्रथमपासून सुरू व्हावें लागतें व उलट अधिक लागते. चौथा, बॅटरी वांचविणारें म्हणून जाहिरात होणारें निराळें ॲप घेणें. असलीं ॲपें बहुधा स्वतःच पडद्याआड चालून जाहिराती दाखवितात. जें काम हवें तें सेटिंग्जमध्यें फुकट आहे.

बॅटरी बदलणें आणि पॉवर बँक

फोन तीस टक्क्यांवरून एकदम बंद पडूं लागला, परीक्षेंत कोठेंच दुसरा दोष निघाला नाहीं, किंवा फोनची पाठ फुगून वर आली, तर बॅटरी बदलण्याची वेळ झाली. फुगलेली बॅटरी भरूं नये, दाबूं नये, सुरीनें उपटूं नये. ती पेट घेते. शक्यतों कंपनीच्या अधिकृत दुकानांत पावती घेऊन बदलावी. बॅटरी व चार्जर यांवर भारतीय मानक ब्यूरोची नोंदणीखूण व 'आर' या रोमन अक्षरानें सुरू होणारा नोंदणीक्रमांक पाहावा. काढलेली बॅटरी उकिरड्यावर फेकूं नये. ती शेणखतांतून शेतांत जाईल. जाळूंहि नये. २०२२ सालच्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणें जुन्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. सबब ती दुकानांतच जमा करावी.

पॉवर बँक घेतांना आंकड्यानें फसूं नये. १०,००० मिलिअँपिअर-तास हा आंकडा तिच्या आंतील ३.७ व्होल्टांच्या बॅटरीचा असतो. म्हणजे सुमारें ३७ वॅट-तास. दाब वाढवितांना व भरतांना होणारी गळती वजा जातां ५००० मिलिअँपिअर-तासांचा फोन तीतून दोनदां नव्हे, सुमारें सवा वेळां भरतो. तरीहि रात्रपाळी व पीक पाहणी यांसाठीं तेवढें पुष्कळ आहे.

पीक पाहणीच्या दिवसाची तयारी

वरील सर्व विवेचनाचा उपयोग ज्या दिवशीं खरा होतो, त्या दिवसाची तयारी सांगून हा लेख पुरा करितों. मुदतीच्या शेवटच्या आठवड्याची वाट पाहूं नये. आदल्या रात्रीं फोन पूर्ण भरावा व ॲप अद्ययावत् करून ठेवावें. तें काम बांधावर करूं नये. घरून निघतांना डेटा व लोकेशन बंद ठेवून गटावर पोंचल्यावर चालू करावें, व एका गटाचें काम झालें कीं पुन्हां बंद करावें. ज्या सिमची रेंज शिवारांत येत नाहीं तें बंद करावें. सकाळीं लवकर अथवा उन्हें कलल्यावर जावें. पडद्यास उजेडहि कमी लागतो व फोनहि तापत नाहीं. दूरचा व कमी रेंजचा गट प्रथम घ्यावा, फाट्याजवळचा शेवटीं; कारण बॅटरी संपावयाचीच असेल तर ती घराजवळ संपावी. जवळ पॉवर बँक असावी, आणि एका कागदावर गट क्रमांक, खाते क्रमांक व दोन जवळचे दूरध्वनि क्रमांक लिहून खिशांत ठेवावे. कागदाला बॅटरी लागत नाहीं.

आमच्या शेतकरी बंधूंनी घरांतील शाळकरी मुलांच्या मदतीनें तीन रात्रींची परीक्षा या महिन्यांतच करून पाहावी व आंकडे वहींत नोंदवावे. जो आपल्या पाण्याचा, खताचा व मजुरीचा हिशेब ठेवितो त्यास हा हिशेब जड जाणार नाहीं. आणि एकदां गळती सांपडली कीं ती बुजविण्याचें काम दोन मिनिटांचें आहे.